पहिली आउटडोअर क्लाइंबिंग ट्रिप: बदामी, हंपी, मनाली, रेले की लिंगाणा?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: पुण्यातले दोघं जण, सहा-सात महिने वॉलवर (कृत्रिम क्लाइंबिंग भिंतीवर) नियमित जातायत, टॉप रोपवर, म्हणजे वरून लटकलेल्या रोपवर, ६ए (अवघडपणाची ग्रेड, आकडा मोठा तसं अवघड) कसाबसा होतो, लीड, म्हणजे रोप स्वतः खालून वर नेत चढणं, फक्त वॉलवर आणि तेही थोडंच केलंय, डिसेंबरच्या शेवटी आठवडाभर सुट्टी आहे आणि डोक्यात पाच नावं आहेत, हंपी, बदामी, मनाली, थायलंडमधलं रेले आणि सह्याद्रीतला आपला लिंगाणा सुळका. यातलं पहिल्या ट्रिपला कुठलं घ्यावं?

उत्तर आधीच सांगून टाकतो, बदामी. पण नुसतं नाव घेऊन उपयोग नाही, कारण हेच मे महिन्यात विचारलं असतं तर मी बदामीचं नावही काढलं नसतं, आणि तुम्ही फक्त बोल्डरिंग (रोपशिवाय छोट्या दगडांवर चढणं) करणारे असता तर कदाचित हंपी म्हटलं असतं. म्हणून ठिकाण निवडताना मी काय बघतो ते आधी सांगतो, मग पाचही जागा एकेक करून बघू.

बहुतेक लोक फोटो बघून ठरवतात. हंपीतला सूर्यास्त, रेलेचा हिरवा समुद्र, लिंगाण्याच्या माथ्यावरचा भगवा. फोटोत काही खोटं नसतं, पण त्या जागी दिवसभर तुमच्या हातापायाला काय मिळणार ते त्यात दिसत नाही. नवीन माणसासाठी मी सगळ्यात आधी एवढंच बघतो की वॉलवर जी ग्रेड जमते त्यापेक्षा दोन पायऱ्या खालचे रूट तिथे किती आहेत, ते जवळजवळ आहेत का, आणि त्यावर टॉप रोप लागतो का. तुमच्या बाबतीत म्हणजे ४, ५ए, ५बी असले रूट. वॉलवर ६ए होतो म्हणून बाहेर ६ए पासून सुरुवात करायची ही चूक जवळजवळ प्रत्येक नवीन जोडी करते आणि पहिल्याच दिवशी दुपारी दोघंही हात भरून येऊन खाली बसलेले असतात.

असं का होतं तर वॉलवर होल्डला रंग असतो. पिवळा म्हणजे पिवळा, पाय कुठे ठेवायचा ते सेटरने आधीच ठरवलेलं असतं, तुम्ही फक्त ते पाळता. खडकावर असं काही नसतं, तिथे पाय ठेवायची जागा म्हणजे अर्ध्या इंचाची कडा, बाजूच्या दगडापेक्षा किंचित वेगळा रंग, कधी नुसताच खरखरीत उतार. नवीन माणूस हाताने वरवर चाचपत राहतो, पाय खाली विसरतो, सगळं वजन हातावर येतं आणि दहा मीटरवर बोटं उघडायला लागतात. ताकद वाढवून हे सुटत नाही, पायांवर विश्वास बसायला लागतो, आणि तो बसतो सोप्या रूटवर भरपूर मीटर चढल्यावर. उभा किंवा किंचित मागे कललेला खडक, वीस-पंचवीस मीटर उंची, वरून रोप, आणि दिवसात पाच-सहा वेळा वर-खाली, चौथ्या वेळेला तुम्ही स्वतःहून खाली बघून पाय ठेवायला लागता आणि मग मजा सुरू होते. ज्या ठिकाणी हे मिळतं ते पहिल्या ट्रिपसाठी चांगलं ठिकाण, बाकी नाव कितीही मोठं असू दे.

दुसरी गोष्ट म्हणजे रोप वर कोण लावणार आणि शेवटी कोण काढणार. वॉलवर तो आधीच लटकलेला असतो त्यामुळे हा प्रश्न डोक्यातच येत नाही. बाहेर कोणीतरी लीड करून तो वर नेतो, आणि संपल्यावर कोणीतरी वर जाऊन आपले क्विकड्रॉ (रोप अडकवायचे दुहेरी हुक) काढून, रोप अँकरच्या, म्हणजे रूटच्या माथ्यावर खडकात बसवलेल्या, पक्क्या रिंगमधून ओवून खाली येतो. यात काय काय असतं बघा. वर पोचलात की आधी स्लिंगने (मजबूत पट्टीने) स्वतःला अँकरला जोडायचं. मग रोपचा एक दुहेरी फास रिंगमधून ओढून घ्यायचा, त्याला फिगर एटची गाठ मारायची, ती लॉकिंग कॅरॅबिनरने (बंद होणाऱ्या हुकने) हार्नेसच्या, म्हणजे कमरेच्या पट्ट्याच्या, बिले लूपला (पुढच्या कडीला) लावायची, लॉक बंद आहे का हाताने दाबून बघायचं, आणि मगच हार्नेसची मूळ गाठ सोडायची, तिचं शेपूट रिंगमधून बाहेर काढायचं, खालच्याला टेक (रोप ताठ ओढ) सांगायचं, नव्या गाठीवर वजन येतंय हे बघायचं आणि सगळ्यात शेवटी स्लिंग काढायची. क्रम चुकला तर वाचवणारं दुसरं काही नसतं. आणि हे सगळं तीस मीटरवर, वारा सुटलेला असताना, खालच्याचा आवाज नीट येत नसताना करायचं असतं. जगभर चांगल्या अनुभवी लोकांचे अपघातही इथेच झालेत, चढताना नाही. त्यातला एक नेहमीचा प्रकार म्हणजे वरच्याला वाटतं खालचा मला लोअर करणार (रोपने खाली सोडणार) आणि खालच्याला वाटतं हा रॅपल करून (स्वतःच रोपवरून उतरून) येणार, म्हणून तो बिले, म्हणजे खालून रोप धरून ठेवणं, काढून टाकतो. त्यामुळे जमिनीवर असतानाच ठरवायचं, "मला तूच खाली सोडणार आहेस, मी काहीही ओरडलो तरी बिले काढायचा नाही." आणि रोपच्या खालच्या टोकाला कायम गाठ, म्हणजे रोप कमी पडला तरी टोक बिले डिव्हाइसमधून सटकून जाणार नाही. ६० मीटरचा रोप आणि अँकर ३२ मीटरवर, असा हिशोब चुकतो आणि माणूस शेवटचे चार मीटर थेट खाली येतो.

हे सगळं तुम्हाला अजून येत नाही, आणि सहा महिन्यात यायला पाहिजे असंही नाही. म्हणून पहिल्या ट्रिपसाठी ठिकाण असं हवं जिथे हे काम करणारा जबाबदार माणूस मिळतो आणि तो शिकवतोही. ज्या ठिकाणी स्थानिक गाइड नाहीत, किंवा गाइड आहेत पण ते फक्त रोप लावून देतात आणि बाजूला मोबाइल बघत बसतात, ती जागा यादीतून काढा.

बाकी मग सीझन, खडकाचा प्रकार, दवाखाना किती लांब, जेवायला-राहायला काय, हे सगळं नंतर.

आता बदामी. गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात, चालुक्यांची जुनी राजधानी, सहाव्या शतकातली लेणी सगळ्यांना माहीत असतात. खडक लाल वालुकाश्म, आणि नवीन माणसासाठी हा खडक फार दयाळू आहे. थर आडवे बसलेत त्यामुळे कपाटाच्या फळीसारख्या आडव्या कडा एकावर एक मिळत जातात, हाताला पकड चौकोनी आणि पायाला सपाट. घर्षण चांगलं. बोटांची कातडी ग्रॅनाइटवर सोलते तशी इथे सोलत नाही, त्यामुळे चार-पाच दिवस सलग चढता येतं, आणि आठवड्याच्या ट्रिपला याचं महत्त्व फार आहे. टेंपल एरिया नावाचा मुख्य भाग गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथे बोल्ट केलेले (खडकात रोप अडकवायला धातूचे बोल्ट ठोकलेले) रूट एकमेकांना लागून आहेत, सोप्यापासून अवघडापर्यंत. देशातल्या सगळ्यात कठीण स्पोर्ट (बोल्ट केलेल्या) रूटमध्ये ज्याचं नाव घेतात तो ८बी+ चा गणेशा याच गावात आहे, आणि त्याच गावात ५ए पण आहेत. म्हणजे शेजारी कोणीतरी खूप वरच्या लेव्हलचं चढत असतं आणि ते बघून पायांचं काम काय असतं ते डोळ्यांनी शिकता येतं, मला वाटतं हे कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही.

बदामीच्या अडचणी पण सांगतो. एक, वालुकाश्म ओला झाला की आतून कमकुवत होतो, वरून वाळलेला दिसला तरी. पकडी तुटतात, आणि एकदा तुटलेली पकड तो रूट कायमचा बदलते. पाऊस पडला तर दोन दिवस हात लावायचा नाही, पट्टदकल-ऐहोळे बघून यायचं, दोन्ही तासाभराच्या आत आहेत आणि त्यासाठी एक दिवस तसाही काढून ठेवावा. दोन, माकडं. खाण्याची पिशवी खाली उघडी ठेवली तर गेलीच समजा, शूज ठेवायच्या बॅगा पण ओढून नेतात. तीन, सगळीकडे चढता येत नाही. लेणी, किल्ला, मंदिरं पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, तिथल्या खडकाला हात लावायचा नाही, देवळाच्या भिंतीवर बोल्डरिंगचे फोटो काढणारे लोक मी बघितलेत आणि अशाच लोकांमुळे सगळ्यांची जागा बंद व्हायची वेळ येते. कुठला भाग चालतो कुठला नाही हे स्थानिक गाइडला आधी विचारा, आणि तो नाही म्हणाला तर नाही.

चौथी गोष्ट तारखांची. डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे शाळांच्या सहली आणि नाताळची गर्दी, लॉज महाग, आणि सोप्या रूटवर रांग, कारण सोपेच रूट सगळ्यांना हवे असतात. सुट्टी पुढे-मागे करता आली तर डिसेंबरचा पहिला-दुसरा आठवडा किंवा जानेवारी उत्तम. जानेवारीत एक बघा, बनशंकरीची जत्रा. पौष पौर्णिमेच्या सुमारास असते, देऊळ बदामीपासून पाचेक किलोमीटरवर, आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांची ती कुलदेवी आहे त्यामुळे महाराष्ट्रातूनही लोक जातात. त्या दिवसात खोली मिळणं अवघड. उलट तुमच्या घरची कुलदेवी असेल तर घरच्यांना "बनशंकरीला चाललोय" सांगून निघता येतं, आणि दर्शन खरंच करा.

जायला पुण्याहून सोलापूर, विजयपूर, बागलकोट असा रेल्वेमार्ग बदामीवरूनच पुढे गदगला जातो, स्टेशन गावापासून पाच किलोमीटर, रिक्षा मिळते. जेवणाची काळजीच नको, खानावळीत ज्वारीची भाकरी, एण्णेगाई (भरली वांगी), शेंगाचटणी, दही, पोटभर आणि स्वस्त, क्लाइंबिंगच्या दिवसाला यापेक्षा चांगलं जेवण मला माहीत नाही.

हंपीबद्दल. हंपी मला अतिशय प्रिय आहे आणि तरीही तुम्हाला पहिल्या ट्रिपला नको म्हणतोय. तिथे मुख्यतः बोल्डरिंग आहे, म्हणजे रोप नाही, खाली गादी, ज्याला आपण क्रॅश पॅड म्हणतो. लोकांना वाटतं रोप नाही म्हणजे सोपं आणि कमी धोक्याचं. उलट आहे, बोल्डरिंगमध्ये प्रत्येक वेळी पडणं म्हणजे जमिनीवर पडणं, आणि हंपीची जमीन वॉलच्या फोमसारखी सपाट नाही, दगडांच्या फटी, उतार, काटेरी झुडपं. दोघंच जण, एक भाड्याचा पॅड, पॅड कुठे सरकवायचा आणि स्पॉट कसं करायचं (पडणाऱ्याला हातांनी पॅडकडे कसं वळवायचं) याचा अनुभव नाही, अशात घोटा मुरगळणं किंवा मनगट जाणं ही फार सहज होणारी गोष्ट आहे. त्यात ग्रॅनाइटचे स्फटिक इतके टोकदार की तिसऱ्या दिवशी बोटांच्या टोकांना पाणी लागलं तरी झोंबतं, आणि ऊन वर आलं की दगड तापतो, घाम सुटतो, घर्षण जातं, त्यामुळे खरं क्लाइंबिंग सकाळी लवकर आणि संध्याकाळी, मधले पाच-सहा तास नुसते काढायचे.

अजून एक, जे जायच्या आधी कोणी सांगत नाही: हंपीत वर जाणं सोपं आणि उतरणं अवघड असे भरपूर दगड आहेत. पाच मीटरचा सोपा दगड चढून माणूस वर उभा राहतो, आणि मग लक्षात येतं की मागची बाजू पण तेवढीच उभी आहे. म्हणून दगडाला हात लावायच्या आधी त्याला पूर्ण चक्कर मारायची आणि उतरायची वाट डोळ्यांनी बघून ठेवायची. नाही दिसली तर तो दगड सोडायचा.

राहण्याबद्दल जुनी माहिती वाचत असाल तर सावध, नदीपलीकडचं विरुपापूर गड्डी, ज्याला लोक हिप्पी आयलंड म्हणायचे, तिथली हॉटेलं-गेस्टहाऊस २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पाडली गेली. आता क्लाइंबर आणेगुंदी, सणापूर बाजूला राहतात. तुम्हाला हंपी बघायचंच असेल तर बदामीचे चार दिवस झाल्यावर शेवटचे दोन दिवस तिकडे जा, गदगवरून होसपेटला रेल्वेने किंवा सरळ रस्त्याने, अर्ध्या दिवसात पोचता. एखाद्या जाणत्या ग्रुपबरोबर, दोन-तीन पॅड एकत्र असताना, दोन-तीन मीटर उंचीचे सोपे प्रॉब्लेम (बोल्डरवरचे छोटे रूट) करा. तोपर्यंत पायांवर थोडा विश्वास बसलेला असेल आणि मग हंपी जास्त कळेल.

मनाली डिसेंबरात नाही. एवढंच. मनालीजवळच्या सेथनचे बोल्डर (मोठे सुटे दगड) त्या वेळी बर्फात असतात, लाहौलमधल्या छत्रूकडचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो, आणि खाली ज्या भिंती कोरड्या मिळतील त्यावर बोटं इतकी गार पडतात की पकड लागलीय की नाही तेच कळत नाही. तिकडे मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर, आणि छत्रू तर जुलै ते सप्टेंबर, कारण पीर पंजालच्या पलीकडे पावसाळा फारसा पोचत नाही. आपल्याकडे सह्याद्री धो-धो भिजत असतो तेव्हा तिथे कोरडा ग्रॅनाइट मिळतो ही त्या जागेची खरी किंमत आहे. पण छत्रू साधारण ३,३०० मीटरवर आहे, पहिले दोन दिवस डोकं दुखण्यात जातात, दवाखाना लांब, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या ट्रिपला.

रेले. पैसे असतील तर बदामीनंतर माझी दुसरी पसंती हीच, आणि डिसेंबर तिथला कोरडा, चांगला सीझन आहे. क्राबी प्रांतात, मुख्य भूमीवरच आहे पण मागे चुनखडीचे कडे असल्याने रस्त्याने जाता येत नाही, आओ नांगवरून लांब शेपटीच्या बोटीने जायचं. क्लाइंबिंग स्कूल किनाऱ्यावरच आहेत, अर्धा दिवस, एक दिवस, तीन दिवस असे कोर्स, सगळं सामान भाड्याने, त्यामुळे हार्नेस-रोप काही नेलं नाही तरी चालतं. नवीन लोकांसाठी वन टू थ्री वॉल नावाची भिंत आहे, अगदी बोटीच्या धक्क्यापासून चालत. अडचण अशी की सगळी स्कूल त्याच भिंतीवर येतात, सकाळी रोपांची जाळी लागलेली असते, आणि इतक्या वर्षांच्या पायांनी चुनखडी घासून गुळगुळीत झालीय, ५ ग्रेडवर पण पाय सटकतो आणि नवीन माणसाला वाटतं आपल्यालाच येत नाही. शिवाय अगदी सोपे, ४-५ वाले रूट तिथे मुबलक नाहीत, त्या जागेचं वैभव ६ए च्या पुढे सुरू होतं. म्हणजे लीड नीट यायला लागल्यावर गेलात तर तोच खर्च जास्त वसूल होईल.

रेलेमध्ये बोल्ट टायटॅनियमचे आहेत का हे बघायला शिका. समुद्राची खारी हवा आणि चुनखडी एकत्र आली की साधं स्टेनलेस स्टील आतून तडकतं, बाहेरून चकचकीत दिसतं आणि वजन आलं की तुटतं. तिथे पूर्वी असे बोल्ट तुटलेत, म्हणून त्यांच्या जागी रेझिनमध्ये बसवलेले टायटॅनियम बोल्ट हळूहळू घातले गेले. गंजका, नट असलेला जुना बोल्ट दिसला तर त्या रूटवर जायचं नाही. हाच नियम गोव्यात, कोकणात समुद्राजवळ कुठे बोल्ट दिसले तर तिथेही लावा. आणि परदेशी जाताना ट्रॅव्हल इन्शुरन्सची अटींची पानं खरंच वाचा, साध्या पॉलिसीत रॉक क्लाइंबिंग बऱ्याचदा वगळलेलं असतं.

हे वाचणारे कोणी युरोपात नोकरी-शिक्षणाला असतील तर तुमच्यासाठी उत्तर ग्रीसमधलं कालिम्नोस बेट. कोसवरून फेरी, ४-५ ग्रेडचे रूट भरपूर, बोल्ट जवळजवळ, वसंत आणि सप्टेंबर-ऑक्टोबर सीझन. बदामीबद्दल जे सांगितलं, सोपं आणि भरपूर आणि जवळजवळ, ते तिथे अजून मोठ्या प्रमाणात आहे.

आता लिंगाणा, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. लिंगाण्याची चढाई ग्रेडने अवघड नाही, आणि नेमकं तेच फसवं आहे. मोहरी किंवा सिंगापूरवरून बोराट्याच्या नाळेने उतरायचं, घसाऱ्यावरून खिंडीत जायचं, मग वर मुरूम, गवत, निसटते दगड, दोन्ही बाजूला दरी. पडायला होतं ते हाताची ताकद संपल्याने नाही, पाय घसरल्याने किंवा वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड डोक्यात बसल्याने. सुट्टीच्या दिवशी एकाच वेळी बरेच ग्रुप, फिक्स रोपवर (आधीच बांधून ठेवलेल्या रोपवर) रांग, कोण कुठल्या रोपला क्लिप आहे ते शेवटच्या माणसाला माहीत नाही, आणि उतरताना अंधार. आता मला सांगा, यात तुम्ही क्लाइंबिंग म्हणून काय शिकलात? फिक्स रोप धरून वर गेलात, रॅपल करून खाली आलात. ते साहस आहे, सह्याद्रीचं अप्रतिम दर्शन आहे, मी त्याला कमी लेखत नाही, पण तुम्ही वॉलवर सहा महिने जे कमावलं ते तिथे वापरलंच जात नाही. तैलबैला, वजीर, जीवधनची वानरलिंगी, सगळ्यांना हेच लागू. सह्याद्रीचे सुळके चढायचे असतील तर आधी मल्टिपिच (उंच कडा टप्प्याटप्प्याने चढणं), अँकर, रॅपल, रोपचं नियोजन हे सुरक्षित जागी शिका, मग एखाद्या जुन्या गिर्यारोहण संस्थेबरोबर मोहिमेत जा, त्यात मिळणारा आनंद पॅकेजमध्ये मिळत नाही.

सुळक्यांवर एक धोका अजून, आग्या मोहोळ. बेसॉल्टच्या कपारींखाली काळे पोळे लटकलेले असतात, हिवाळ्यात-उन्हाळ्यात जास्त. जमिनीवर असलात तर पळता येतं, रोपवर लटकलेला माणूस पळू शकत नाही. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा, ड्रोन, सगळं टाळायचं, आणि पोळं दिसलं की तो रूट त्या दिवशी रद्द, चर्चा नाही. हे बदामीत आणि बेंगळुरूजवळच्या रामनगरात पण लक्षात ठेवा.

पण म्हणून घराजवळ काहीच करू नका असं नाही. जायच्या आधी दोन-तीन रविवार जवळच्या खडकावर काढा. मुंबईवाल्यांना बेलापूर आणि मुंब्र्याचे क्रॅग (चढायचे कडे) आहेत. नवी मुंबईत २०१६ मध्ये बोल्डरिंगचा वर्ल्ड कप झाला तो गिरिविहार या मुंबईच्या क्लबने भरवलेला, बेलापूरच्या खडकावर याच मंडळींनी वर्षानुवर्षं क्लाइंबर घडवलेत. पुण्यात तुमच्या वॉलवरच्या सिनियर लोकांना विचारा, त्यांचे प्रॅक्टिस पॅच ठरलेले असतात आणि कोणी नीट विचारलं तर ते घेऊन जातात. एक दिवस जरी खऱ्या दगडाला हात लागला तरी बदामीचा पहिला दिवस वाया जात नाही.

आणि जर तुमच्यापैकी एकालाही बिलेची पूर्ण खात्री नसेल, किंवा गाइड घ्यायचे पैसे नसतील, तर मी ट्रिपच करू नका म्हणेन, त्याऐवजी माउंट अबूला गुजरात सरकारची स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्था आहे तिथला बेसिक रॉक क्लाइंबिंग कोर्स करा. साधारण दहा दिवसांचा, फी अगदी कमी, राहणं-जेवण आत, खडक ग्रॅनाइट. शिस्त सरकारी आहे, पहाटे उठवतात, शिकवायची पद्धत जुनी आहे, पण गाठी, बिले, रॅपल हाडात बसतात. जागा लवकर भरतात त्यामुळे अर्ज आधी करायचा.

गाइड ठरवताना फोनवर काय विचारायचं. एका गाइडमागे किती जण, चारच्या वर असतील तर नको. रोप किती जुना आणि किती मीटरचा. हेल्मेट प्रत्येकाला आहे का, आणि स्वतः घालतो का. दिवसाला किती रूट होतील. आम्हाला अँकर साफ करायला (म्हणजे शेवटी वरचं सामान काढून खाली यायला) जमिनीवर शिकवाल का? या शेवटच्या प्रश्नाला तो खूश होऊन बोलायला लागला तर माणूस चांगला आहे. "तुम्हाला कशाला, आम्ही करतो ना" म्हणाला तर दुसरा बघा. भाव सगळ्यात शेवटी विचारा, आणि सगळ्यात स्वस्त माणूस घेऊ नका, तिथे पाचशे रुपये वाचवून काही उपयोग नाही.

सामान फार घेऊ नका. शूज स्वतःचे हवेत, दिवसभर घालता येतील असे, वॉलवरचे बोटं मुडपणारे घट्ट शूज बाहेर पंचवीस मीटरच्या रूटवर छळतात. हार्नेस आणि हेल्मेट स्वतःचं असेल तर उत्तम, सीई किंवा यूआयएए या सुरक्षा मानकांचा शिक्का बघून घेतलेलं. बिले डिव्हाइस तेच न्या जे हातात बसलंय, ट्रिपच्या आदल्या दिवशी नवीन ग्रिग्री घेऊन तिथे शिकायचं नाही. चिकटपट्टी, नखं कापायची कात्री, हेडटॉर्च, पाणी दोन लिटर माणशी.

दिवस असे लावा. पहिला दिवस गाइडबरोबर नुसता टॉप रोप, ४ आणि ५ए, मोह झाला तरी वर जायचं नाही. दुसऱ्या दिवशी तसंच, पण एकेक रूट दोनदा, दुसऱ्यांदा मुद्दाम हळू आणि पायाचा आवाज न करता. दुपारी जमिनीवर अँकर साफ करण्याचा सराव, दहा-दहा वेळा, डोळे मिटून गाठ मारता येईपर्यंत. तिसरा दिवस सुट्टी, लेणी, पट्टदकल, बनशंकरी, चटणी-भाकरी. सुट्टी म्हणजे खरी सुट्टी, तिसऱ्या दिवशी चढलात तर चौथा-पाचवा दोन्ही जातात. चौथ्या दिवशी, आदल्या दिवसात जो ५ए तुम्ही टॉप रोपवर अगदी आरामात केलाय तोच, बोल्ट जवळजवळ असतील तर, गाइडच्या देखरेखीत लीड करायचा. क्विकड्रॉ त्याने आधी लावून ठेवलेले असू देत. पहिला बोल्ट क्लिप होईपर्यंत खालच्याने दोन्ही हात वर करून स्पॉट करायचं आणि मग बिले. पाचव्या दिवशी वाटलं तर ५बी किंवा ६ए टॉप रोपवर, नाहीतर होसपेटची गाडी.

तिकिटं आत्ताच बघा, सोलापूरच्या पुढची गाडी डिसेंबरात लवकर भरते, आणि गाइडशी तारीख नक्की झाल्याशिवाय लॉजला ॲडव्हान्स भरू नका.